कच्छची तांब्याची घंटा कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात: गुहागरहून रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. कच्छातल्या निरोणा गावच्या, हातोडीने ठोकून बनवलेल्या तांब्याच्या घंटा घ्यायच्या का? आवाजासाठी डोळे झाकून घ्या. पण तुमचं घर आमच्यासारखं समुद्राला लागून असेल तर त्या कुठे टांगायच्या, कशाने टांगायच्या आणि पावसाळ्यात त्यांचं काय करायचं हे कळल्याशिवाय घेऊ नका, कारण मुळात या घंटा तांब्याच्या नाहीतच. आत लोखंड आहे, वर तांब्याचा पातळ थर. ऑनलाइन विकणारे बिनधास्त 'प्युअर कॉपर' लिहून मोकळे होतात, लोक ते वाचून घेतात आणि पहिल्या पावसात गंज दिसला की बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. बनवणारा बिचारा कधीच म्हणाला नव्हता की ही पूर्ण तांब्याची आहे.

आमच्याकडे त्या आल्या धाकट्या दिरामुळे. तो खावड्याला सोलार पार्कात इंजिनिअर आहे, म्हणजे भुजच्या वर, रणाच्या कडेला, जिथून पुढे पाकिस्तानची बॉर्डर. सुट्टीच्या दिवशी तिथे करणार काय, म्हणून ही पोरं गाडी काढून आजूबाजूची गावं हिंडतात आणि निरोणा त्यातलंच एक, भुजपासून साधारण ४० किलोमीटर. रोगन नावाची एरंडेल तेलाच्या रंगाची चित्रकला पण त्याच गावची, ती महाग असते म्हणून दीर घंटा घेऊन येतो. दर खेपेला. गणपतीला आला की एक, शिमग्याला आला की एक, आता पडवीत, ओटीवर, मागच्या दारी, न्हाणीघराच्या वाटेवर सगळीकडे काही ना काही वाजत असतं आणि त्यातूनच हा रिव्ह्यू लिहिण्याएवढं ज्ञान जमा झालंय.

बनवायच्या पद्धतीचा त्याने व्हिडिओ काढून आणलाय, तो मी कितीदा बघितला असेल. भंगारातल्या लोखंडी पत्र्याचे तुकडे कापतात, एक तुकडा ठोकून ठोकून नळीसारखा वाकवतात, वरून घुमटासारखी टोपी, आणि या दोन्हीला जोड देताना वेल्डिंग अजिबात नाही, कडा एकमेकांत अडकवून फक्त ठोकतात. मग ती घंटा मातीच्या पाण्यात बुडवून वर तांबं-पितळेची भुकटी लावतात आणि आपण पातोळे हळदीच्या पानात गुंडाळतो तशी ती पूर्ण घंटा माती-कापसाच्या लगद्यात गुंडाळून भट्टीत टाकतात. भट्टीत भुकटी वितळून लोखंडाला चिकटते. गार झाल्यावर मातीचं कवच फोडलं की आत ती लालसर चकचकीत घंटा. शेवटी आत लाकडाची जीभ बांधायची, शिसवीची असते बहुतेक.

पण खरी कमाल यानंतर आहे. घंटा झाली तरी आवाज झालेला नसतो. कारागीर ती कानाजवळ धरतो, वाजवतो, खालच्या काठावर हातोडीने दोन-चार ठोके, परत वाजवतो, परत ठोके. काठाचा बाक किती, पत्रा कुठे जाड कुठे पातळ, घंटा उंच की बुटकी, यावर सूर ठरतो. मशीन नाही, मोबाइलचं ट्यूनर ॲप नाही, फक्त कान. दिराने विचारलं तर म्हणे ही लोहार मंडळी पिढ्यान् पिढ्या हेच करतायत, पूर्वज सिंधमधून आलेले, आणि निरोण्याशिवाय झुरा नावाच्या गावात पण हे काम चालतं.

आता मूळ उपयोग ऐका. ही घंटा घरात टांगायला बनलेलीच नाही, ती गुरांच्या गळ्यातली. बन्नीच्या गवताळ रानात मालधारी लोक म्हशी-गायी चरायला सोडतात, रात्री-अपरात्री जनावर कुठे आहे आणि ते आपलंच आहे का हे नुसत्या आवाजावरून ओळखतात, म्हणून प्रत्येक घंटेचा सूर वेगळा लागतो. सासूबाईंनी पहिली घंटा बघितल्या बघितल्या ओळखली. "अगो, ही गोठ्यातली वस्तू, दारात काय टांगतेस?" मी म्हटलं आई, हल्ली हीच फॅशन आहे. त्यावर त्या म्हणाल्या की मग रहाट पण आणून हॉलमध्ये ठेव. (ठेवलाय लोकांनी. एका रिसॉर्टमध्ये रहाटाचं चाक भिंतीवर लावून खाली लाइट सोडलेत, मी स्वतः बघितलंय.)

गुरांची घंटा असल्यामुळे एक प्रॅक्टिकल अडचण येते, ती कोणी सांगत नाही. म्हैस मान हलवते तेव्हा घंटा वाजते. वारा घंटेला तेवढा हलवू शकत नाही. एकटी मोठी घंटा टांगलीत तर ती छान दिसेल आणि मुकी राहील, वादळ येईपर्यंत. लाकडी जिभेला खालून वारा अडवणारं काहीतरी पसरट लटकवावं लागतं. विंड चाइम म्हणून जे विकतात त्यात कधी एक पातळ लाकडी पट्टी देतात, पण ती आखूड असते, आमच्या दुपारच्या वाऱ्यात चालते, सकाळच्या वाऱ्यात ढिम्म. नवऱ्याने पोफळीची विरी, म्हणजे सुपारीच्या झावळीचं कडक बूड, कापून लावली. हलकी, कडक, तळहाताएवढी, एकदम मस्त चालली, फुकट, आणि दिसायला पण त्या घंटेला शोभणारी. पावसात विरी भिजून मऊ पडते म्हणून तेव्हा श्रीखंडाच्या डब्याचं झाकण. शोभा गेली पण आवाज आला.

आमच्याकडे तीन प्रकार आहेत आणि तिघांचं मार्किंग वेगळं करते.

एक म्हणजे एकटी मोठी घंटा, साधारण पाणी प्यायच्या तांब्याएवढी. आवाज खोल, घुमणारा, 'टुंग' म्हणून सुरू होतो आणि बराच वेळ मागे रेंगाळतो. ही ओटीच्या कोपऱ्यात. दोन म्हणजे दोरीत एकाखाली एक ओवलेल्या छोट्या घंट्यांची माळ, ही सगळ्यात जास्त विकली जाते आणि मला सगळ्यात कमी आवडते. एक तर छोट्या घंट्यांत सूर लावायला जागाच कमी, आणि एकमेकींवर आपटून नुसता खळखळाट. दुकानाच्या दाराला लावा, गिऱ्हाईक आलं की कळेल, घरात नको. तिसरं म्हणजे वर लाकडी चकती आणि तिला गोल वेगवेगळ्या उंचीवर मधल्या साइजच्या घंटा. हे महाग, पण पैसे वसूल. प्रत्येकीचा सूर वेगळा, वारा कुठून येतोय त्याप्रमाणे वेगळी घंटा बोलते.

हे शेवटचं वाक्य मी सजावटीसाठी लिहिलेलं नाही, समुद्राकाठी राहणाऱ्यांना लगेच कळेल. सकाळी मतलई असते, जमिनीवरून समुद्राकडे, हलकी. दहा-अकराच्या सुमाराला ती पडते, थोडा वेळ पानही हलत नाही, आणि मग दर्याकडून खारा वारा सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत वाढत जातो. ते गोल झुंबर पडवीच्या पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे सकाळी आतल्या बाजूची घंटा अधूनमधून एखादा टोला देते आणि दुपारी बाहेरच्या तिघी मिळून कचेरी भरवतात. वारा बदलला हे मला स्वयंपाकघरातून कळतं, वाळत घातलेली आमसुलं आणि सांडगे कुठल्या बाजूने झाकायचे ते त्यावरून ठरतं. तुम्हाला वाटेल काय हा उपयोग, पण एप्रिल-मे मध्ये खळ्यात वाळवणं असताना याच्याइतका उपयोगी अलार्म नाही.

आधी आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं एक विंड चाइम होतं, गिफ्ट आलेलं, त्याचा आवाज गोड पण एकसुरी, पाच नळ्या पाच ठरलेले सूर, आठवडाभरात कान विटतात. शिंपल्यांची झुंबरं देवळाबाहेरच्या स्टॉलवर मिळतात, ती दिसायलाच, आवाज म्हणजे खुळखुळा आणि दोरा कुजला की सगळे शिंपले अंगणात. त्या दोघांपुढे कच्छी घंटेला आवाजात दहापैकी नऊ. एक मार्क कापला कारण ऑनलाइन मागवली तर सूर निवडता येत नाही, येईल ते आपलं.

घरातल्या लोकांची मतं पण लिहिते कारण घंटा तुम्ही एकटे ऐकणार नाही. मुलीची दहावी. तिला अभ्यासाला बसलं की घंटा नको, मोबाइलचं नोटिफिकेशन मात्र चालतं. सासूबाईंची दुपारची झोप आणि खारा वारा यांची वेळ नेमकी एकच. नवऱ्याला रात्री समुद्राची गाज चालते, घंटा चालत नाही. म्हणून जिभेला गुंडाळायला कापडाचे छोटे तुकडे शिवलेत, वर नाडी, गुंडाळलं की गप्प. वाडीत घरं दाट असतील तर शेजाऱ्यांचा पण विचार करा हो. आमच्या शेजारच्या काकी भल्या आहेत, त्यांनी फक्त एवढंच विचारलं की तुमच्याकडे रोज आरती असते का.

आता मुख्य मुद्दा, मीठ.

नवीन घंटा आली तेव्हा लाल-सोनेरी, थोडी काळपट झाक. हिवाळा छान गेला. उन्हाळ्यात हिरवट ठिपके आले, ते मला आवडले, जुन्या तांब्या-पितळेला येतात तसे. पावसाळ्यात मात्र खालच्या काठावर आणि जोडाच्या रेषेवर तांबूस-तपकिरी डाग, आणि ओटीच्या कठड्यावर त्याचे ओघळ. म्हणजे आतलं लोखंड बोलायला लागलं. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वरून मोसमी वाऱ्याबरोबर समुद्राचे तुषार, त्यात लोखंड किती दिवस तग धरणार?

दीर घरी होता, त्याला दाखवलं तर त्याने नेहमीप्रमाणे लेक्चर दिलं, पण या वेळी कामाचं. "वहिनी, लोखंडावर जस्त चढवलं तर जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. तांब्याचं उलटं आहे. तांब्याच्या थराला बारीक भोक पडलं तर तिथलं लोखंड आधी झिजतं, आणि नुसतं लोखंड असतं त्यापेक्षा भराभर." म्हणूनच सोलारच्या स्ट्रक्चरला जस्ताचा गॅल्वनाइझचा थर देतात, तांब्याचा नाही. मग तो सुरूच झाला. खावड्याची जमीन म्हणजे रणाची, खारट. पावसाळ्यात पाणी साचतं, सुकलं की वर पांढरं मीठ. जमिनीत जे जे लोखंड ठोकायचं त्याला मिठाचा विचार करून कोटिंग. गोडं पाणी नाही म्हणून पॅनल धुवायचे नाहीत, रात्री रोबो त्यांच्यावरून कोरडे ब्रश फिरवत जातात. पॅनल पण स्थिर नाहीत, सकाळी पूर्वेकडे तोंड, संध्याकाळी पश्चिमेकडे, मोटरवर फिरतात. सासूबाई म्हणाल्या सूर्यफुलं लावल्येत म्हणजे.

सासूबाईंना त्या पार्कचा आकार समजावणं हा आमच्याकडचा जुना कार्यक्रम आहे. डिसेंबर २०२० मध्ये पंतप्रधानांनी पायाभरणी केली, पूर्ण झालं की सौर आणि पवनचक्क्या मिळून ३० गिगावॅट, जागा ७२६ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे जोडले तरी ६०३ होतात. तेवढं सगळं पॅनल आणि पंखे. तिथून नागपूरपर्यंत ८०० किलोव्होल्टची डीसी लाइन ठरलीय, म्हणजे कच्छातलं ऊन विदर्भात उतरणार. सासूबाईंचा प्रश्न कायम तोच, आपल्याकडे कधी? त्यांनी इथे जवळच अंजनवेलला एन्रॉनचं वीज केंद्र उभं राहताना बघितलंय, मोर्चे बघितलेत, २००१ ला ते बंद पडलेलं बघितलंय, त्यामुळे मोठ्या वीज प्रकल्पाच्या गोष्टी त्या एका कानाने ऐकतात. दिराने मग हिशेब उलटा करून दाखवला. ३० गिगावॅट म्हणजे ३ कोटी किलोवॅट. एका घराच्या छपरावर ३ किलोवॅट बसवलं तर अशी १ कोटी घरं झाली की एक खावडा. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या पीएम सूर्यघर योजनेचं टार्गेट बरोबर १ कोटी घरांचंच आहे. त्यातलं एक आपलं, तो म्हणाला. आई म्हणाल्या बसव मग, माझ्या कौलांना हात न लावता.

इथे जरा विषयांतर, पण समुद्राकाठच्या घरांसाठी हे घंटेइतकंच लागू आहे आणि घंटेने आम्हाला ते फुकटात शिकवलं, म्हणून लिहितेच. ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, साधारण ३०० चौरस फूट मोकळी जागा लागते, चांगल्या उन्हात दिवसाला १२ युनिटच्या आसपास निघतात, आषाढ-श्रावणात ते बरंच खाली येतं. हे सगळं एजंट सांगतोच. न सांगितलेलं असं: पॅनलखालचं स्ट्रक्चर जीआयचं, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचं असेल तर जस्ताचा थर किती जाडीचा ते विचारा, शक्यतो ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घ्या आणि नट-बोल्ट स्टेनलेस ३१६ नंबरचे. आमच्याकडे खिडकीला साधे ३०४ चे स्क्रू आहेत त्यांच्यावर पण तपकिरी ठिपके आलेत. पॅनलला खाऱ्या धुक्याची टेस्ट असते, आयईसी ६१७०१, ती पास आहे का ते डेटाशीटवर बघा. आणि साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट बाहेरच्या लाइनला जोडलेलं सोलार घेतलंत तर लाइट गेली की तुमचं सोलार पण बंद पडतं, भर उन्हात, कारण लाइनवर चढलेल्या वायरमनला तुमच्या घराकडून शॉक बसायला नको. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कितीदा जाते ते काय सांगू, निसर्ग आणि तौक्ते या चक्रीवादळांच्या वेळचं तर बोलायलाच नको. लाइट गेल्यावर पण पंखा पाहिजे असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, खर्च वाढतो.

आणि माड. माडाची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या रांगेतली वीज घटते, शिवाय वरून नारळ पडला तर काच. आमच्या कौलांवर तर दोन्ही बाजूंनी माड वाकलेत. सर्व्हेला आलेला मुलगा वर बघून म्हणाला दोन माड तोडा, सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि पाठवून दिलं. आता गोठ्याच्या मागच्या मोकळ्या स्लॅबचा विचार चालू आहे. असो.

परत घंटेकडे. गंजावर आम्ही जे करतो ते सांगते. पावसाळ्याआधी घंटा उतरवून कोरड्या फडक्याने पुसायची, विशेषतः आतून, कारण बाहेर सगळे बघतात आणि गंज आतून सुरू होतो. मग काठाला आणि जोडाला खोबरेल तेलाचा हात. तेल कायमचं टिकत नाही, पण मीठ थेट बसत नाही. चिंच, आमसूल, तांब्याची भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही लावायचं नाही, हे दिराला तिथल्या कारागिराने पण बजावून सांगितलं होतं. देवाची भांडी घासताना आपला हात आपोआप घंटेकडे जातो, पण आंबटाने तो पातळ थर खरवडला जातो, घंटा चार दिवस चमकते आणि मग लोखंड उघडं. कोणी म्हणतं पारदर्शक लॅकर स्प्रे मारा. माळेवर मारून बघितला, गंज थांबला खरा, आवाज थोडा बसला. मोठ्या घंटेवर मी मारणार नाही.

दोरी हा दुसरा वीक पॉइंट. येते ती सुती दोरी खाऱ्या हवेत कुजते, आणि घंटा जड असते हो, खाली एखादं पोर बसलेलं असलं तर? दोरी आल्या आल्या बदला. तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, मजबूत आणि दिसत नाही, पण गाठ सुटते, मासेमारीवाल्याकडून मारून घ्या, त्यांची गाठ सुटत नाही. तारेने बांधायची असेल तर लोखंडी बाइंडिंग तार नको, ती घंटेच्या कडीला पण गंज लावते. आम्ही मोठीला काथ्याचा सुंभ वापरलाय, वर्षातून एकदा बदलायचा, दिसायला सगळ्यात छान तेच.

लाकडी जीभ पावसात फुगते. वाळली की परत ठीक, पण एकीची चिरली, ती सावंतवाडीच्या खेळण्यांच्या बाजारातून लाखेचा रंग दिलेला लाकडी लट्टू आणून बसवली. आवाज जरा मऊ झाला, मला तर मूळच्यापेक्षा बरा वाटतो. धातूची जीभ लावू नका, कर्कश होतो आणि काठ ठेचला जातो, मग सूर गेलाच.

टांगायची जागा: पागोळ्यांच्या आत. पावसाचं पाणी घंटेवर थेट पडता कामा नये, वारा लागला पाहिजे. आमच्या पडवीला उतरतं छप्पर आहे त्यामुळे आत हातभर सरकवली की पुरतं. फ्लॅटच्या उघड्या बाल्कनीत, समुद्राकडे तोंड असेल तर, मी तरी मोठी महागातली घेणार नाही, मधल्या साइजची एक घेऊन बघा. जून ते सप्टेंबर आमच्या मोठ्या घंटा आत असतात, एक तर गंज आणि दुसरं म्हणजे त्या वाऱ्यात त्या थांबतच नाहीत, डोकं उठतं. वादळाची सूचना आली की सगळ्यात आधी घंटा उतरवायच्या, मग बाकीचं. तौक्तेच्या वेळी लोकांची कौलं उडाली होती, सुटलेली लोखंडी घंटा कुठे जाऊन कोणाला लागेल सांगता येत नाही.

टिकाऊपणाला समुद्राकाठी दहापैकी सहा. घाटावर, पुण्याबिण्याला, मी आठ देईन. कोल्हापूरला नणंदेकडे यातलीच एक आहे, माझ्या घंटेच्या बरोबरीची, तिच्यावर अजून एक डाग नाही, आणि ती तेल-बिल काही लावत नाही. नुसती हवा बदलली की एवढा फरक.

किमतीचं म्हणाल तर तिथे जाऊन कारागिराकडून घेतली तर ऑनलाइनच्या निम्म्याहून कमी पडते, आणि वाजवून बघून घेता येते हा खरा फायदा. एका मोठ्या ऑनलाइन साइटवरून बहिणीने मागवली होती तर आली ती वेल्ड केलेली, वर तांब्याचा रंग मारलेली, नखाने खरवडला की निघत होता. ओळखायची खूण सोपी आहे. आत बोट घाला, अस्सलमध्ये जोडाची दुमडलेली कड हाताला लागते, हातोडीचे चट्टे दिसतात, आणि रंग सगळीकडे सारखा नसतो, कुठे लाल, कुठे पिवळट, कुठे काळा. एकसारखी गुळगुळीत चकचकीत असेल तर सोडून द्या. कच्छला कोणी ओळखीचं जात असेल तर त्याला फोनवर वाजवून दाखवायला सांगा, आम्ही व्हिडिओ कॉलवर सूर निवडतो, दीर एकेक घंटा वाजवतो आणि इकडून सासूबाई "ही नको, पुढची" करतात, रेंज असली तर.

कुरिअरने मागवायचीच असेल तर विकणाऱ्याला जीभ वेगळी काढून पाठवायला सांगा आणि घंटेच्या आत कागद कोंबायला सांगा. आमच्याकडे आलेल्या एका पार्सलमध्ये जीभ आतल्या आत आपटून काठाला पोचा आला होता, आणि पोचा आलेला सूर आपल्या इथल्या कुठल्याही लोहाराकडून दुरुस्त होत नाही, दोघांना विचारून झालं.